पंखातला शेवटचा जोड

पेंडुरकरांना कोणी काही सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "असेल. मी पाहिलेलं नाही."

घाटात दरड कोसळली, पामबीच रस्त्यावर गाडी उलटली, दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलं, उद्या पाणी येणार नाही. बातमी कोणतीही असो, ते ती नाकारत नसत आणि स्वीकारतही नसत. त्यात खवचटपणा नव्हता. नेरूळच्या आमच्या सोसायटीतली मुलं त्यांची नक्कल करत. उद्या परीक्षा आहे, अभ्यासाला बस, असं आई म्हणाली की मूल सांगे, "असेल. मी पाहिलेली नाही."

अरविंद पेंडुरकर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तपासनीस होते. वाफेच्या पाइपांना लागणारे मोठे व्हॉल्व्ह तिथे बनत. बनलेला माल पाहायचा, मोजायचा, ठोकून ऐकायचा आणि मग सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या हाताची ती सवय गेली नाही. कोणाच्या घरी गेले की बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक करत. लिफ्टमध्ये शिरताना आधी उंबऱ्याकडे बघत. चहाचा कप उचलताना कान पकडण्याऐवजी बुडाला हात लावत, कारण कान निसटलेले कप त्यांनी पाहिले होते.

एका वर्षी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला आतून नवा थर दिला. कंत्राटदाराचं काम पूर्ण झाल्याच्या कागदावर कमिटीच्या सभासदांनी सह्या करायच्या होत्या. सगळ्यांनी केल्या. पेंडुरकरांनी टॉर्च मागवला.

"काका, फोटो टाकलेत ना ग्रुपवर," चेअरमन म्हणाले.

"फोटो तुम्ही पाहिलेत. टाकी कोणी पाहिली?"

शिडी लावून ते टाकीत उतरले. वर आले तेव्हा त्यांचे गुडघे पांढरे झाले होते. "खाडीकडचा कोपरा राहिलाय," ते म्हणाले. कोपरा खरोखरच राहिला होता. टाकी आणखी काही दिवस बंद राहिली, लोकांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले आणि कंत्राटदाराला कोणी काही बोललं नाही. शिव्या पेंडुरकरांना पडल्या. त्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या. त्या त्यांनी स्वतः ऐकल्या असल्यामुळे त्यांना मान्य होत्या.

कारखान्यातही असंच झालं होतं. ती गोष्ट त्यांच्या पत्नीने, सुलभाताईंनी सांगितली. परदेशी पाठवायचा माल पॅक झाला होता आणि पेंडुरकर त्या दिवशी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे केला. पेंडुरकरांनी पेट्या उघडायला सांगितल्या. साहेबांनी नकार दिला, पेंडुरकरांनी सही दिली नाही. माल दुसऱ्याच्या सहीने गेला आणि त्यानंतर प्रमोशन आणि त्याबरोबरची केबिन पेंडुरकरांना कधीच मिळाली नाही.

"माल खराब होता का?" मी विचारलं.

"माहीत नाही," पेंडुरकर म्हणाले. "मी पाहिला नव्हता."

"हे असं आहे," सुलभाताई म्हणाल्या. "निदान खराब होता असं तरी सांगा लोकांना. त्यासाठी केबिन गेली आपली."

"देव तरी पाहिलाय का तुम्ही?" असंही त्या कधी कधी विचारत. "मग रोज दिवा कशाला?"

"दिवा तू लावतेस. मी वात तपासतो."

सुलभाताई एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होत्या. ठेंगण्या, वेगवान, आणि ढिलं काही न चालणाऱ्या. त्यांनी बंद केलेला नळ दुसऱ्याला सहज उघडत नसे. त्यांच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण काढायला पेंडुरकरांना बोलवावं लागे. गावी पाठवायच्या पार्सलला त्या दोरीच्या दोन गाठी मारून वर तिसरी मारत. मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांशी बरंच बोलत, आणि ते बहुतेक वेळा वाद घातल्यासारखं ऐकू येई.

पेंडुरकर एक विमान बनवतायत हे सोसायटीत कोणाला माहीत नव्हतं. मला ते कळलं सारसोळ्यात. जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जनूशेठची पत्र्याची शेड होती. जनूशेठ मूळचे तिथलेच. वडील खाडीत मासे धरत आणि स्वतःच्या होड्या स्वतः बांधत. जनूशेठच्या आता दोन इमारती होत्या, खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या आणि गळ्यात जाड चेन होती. वडिलांची होड्या बांधायची शेड मात्र त्यांनी पाडली नव्हती. मी एका बातमीसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता ते म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगचा येक म्हातारा माझ्या शेरीन इमान बांधतंय. बगाचाय?"

आत एका माणसापुरतं विमान होतं. तेव्हा ते विमानासारखं दिसत नव्हतं. लाकडी पट्ट्यांचा एक लांबट सांगाडा आणि शेजारी लाकडी घोड्यांवर ठेवलेला पंखाचा दांडा, एवढंच. हौशी माणसाने घरी बांधावं म्हणून कोण्या परदेशी आरेखकाने काढलेले नकाशे विकत मिळतात, हे मला त्या दिवशी कळलं. नकाशे भिंतीवर लावलेले होते. मोटारीहून जेमतेम लांब, चौघांनी उचलावं इतकं हलकं, एक इंजिन, एक सीट. पेंडुरकरांनी निवृत्तीनंतर घाटावरच्या एका क्लबात जाऊन हलकं विमान चालवायचं शिक्षण घेतलं होतं, परवाना काढला होता. दुसऱ्याचं विमान चालवायला त्यांना आवडलं नव्हतं. का, ते विचारायची गरज पडली नाही.

"काय पत्रकार," ते म्हणाले, "पाहिलंत ना? आता छापू नका. उडाल्यावर छापा."

"आधी छापलं तर काय होईल?"

"आधी छापाल ते माझ्याबद्दल असेल. विमानाबद्दल उडाल्यावरच काही सांगता येईल."

मी ते कबूल केलं आणि त्यानंतर सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये जाऊन बसू लागलो. मला तिथे काही काम नव्हतं.

सीट एकच आहे हे सुलभाताईंना नकाशे आल्यावर समजलं होतं. "मग मी कुठे बसायचं?" त्यांनी विचारलं होतं. "तू खाली उभी राहून बघायचं," पेंडुरकर म्हणाले. "कोणीतरी पाहायला नको?" त्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन शेडमध्ये आल्या आणि ग्लू मिसळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

लाकडी विमान ग्लूवर उभं असतं. खिळे जवळपास नसतातच. दोन डब्यांतली दोन द्रव्यं अचूक वजनाने एकत्र करायची, पट्ट्यांना लावायची आणि क्लॅम्पमध्ये धरून ठेवायची. वजन आणि मिश्रण सुलभाताईंचं. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेलं, त्यात त्यांची चूक कधी झाली नाही. क्लॅम्प पेंडुरकरांचे. त्याबद्दल त्यांचं एक वाक्य होतं: "धरायचं, पिळायचं नाही." क्लॅम्प जास्त आवळला की ग्लू सगळा बाहेर येतो आणि आतला जोड कोरडा राहतो. बाहेरून तो उत्तम दिसतो. सुलभाताईंनी कधी एखादा क्लॅम्प लावला की पेंडुरकर काही न बोलता येऊन तो अर्धा फेरा सैल करत.

"संसाराचंही असंच असतं म्हणतात," त्या एकदा म्हणाल्या. "धरायचं, पिळायचं नाही."

"असेल. मी पाहिलेलं नाही."

"मग इतकी वर्षं काय बघत होता?"

"व्हॉल्व्ह."

जनूशेठ दारातून हसले. ते रोज एकदा डोकावत. "काका, यो इमान उरनार कवा? आमचा बापूस होरी बांधाचा तं चार म्हयन्यान पान्यान."

"होडी बुडाली तर पोहता येतं, जनूशेठ."

"ह्या खरा हाय," असं म्हणून जनूशेठ कुठेतरी भाडं वसुलीला जात.

ग्लूचं प्रत्येक मिश्रण नवं असतं, आणि विमानातला जोड फोडून बघता येत नाही. म्हणून जोड लावताना त्याच मिश्रणाने, त्याच लाकडाच्या दोन छोट्या पट्ट्याही चिकटवायच्या, तशाच क्लॅम्पमध्ये धरायच्या आणि आठवडाभर ठेवून द्यायच्या. मग तो तुकडा फोडायचा. लाकूड फाटलं तर जोड लाकडापेक्षा मजबूत आहे. लाकूड शाबूत राहून पट्ट्या जोडावरच सुटल्या, तर विमानातला तो जोड कापून काढायचा. असं बांधणारे सगळेच करतात. पेंडुरकरांच्या शेडमध्ये त्याचा विधी झाला होता. तुकडा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात लावायचा. पेंडुरकरांनी पटाशी ठेवून हातोडी मारायची. फुटलेले भाग सुलभाताईंच्या हातात द्यायचे. खिळ्याला टांगलेला चष्मा त्या डोळ्यांवर चढवत, उजेडाकडे वळत आणि म्हणत, "लाकूड."

"पास," पेंडुरकर म्हणत.

एवढंच. मग पुढचं काम. दोनच वेळा सुलभाताई "ग्लू" म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा पेंडुरकरांनी चहा घेतला, करवत काढली आणि महिनाभराचं काम कापून टाकलं. त्याबद्दल ते हळहळले नाहीत. सुलभाताई हळहळल्या.

त्या उन्हाळ्यात पंखांचे दांडे पूर्ण होत आले. पंखाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मुख्य दांडा असतो. माशाला मधला काटा असतो तसा. फासळ्या त्यालाच जोडलेल्या असतात आणि हवेत गेल्यावर माणसाचं सगळं वजन त्याच्यावर असतं. डाव्या पंखाच्या दांड्यावर वरची पट्टी चढवायची, एवढा एकच मोठा जोड उरला होता. पट्टी रंधून तयार होती. आणि पेंडुरकरांना कावीळ झाली.

नेरूळच्याच एका हॉस्पिटलात त्यांना ठेवलं. आज सोडतील, उद्या सोडतील करत दिवस लांबले. ताजं रंधलेलं लाकूड फार दिवस उघडं ठेवलं तर हवेतली ओल पितं, आणि पावसाळा जवळ आला होता. एका सकाळी सुलभाताईंनी जनूशेठना दांड्याचं दुसरं टोक धरायला सांगितलं आणि जोड लावून टाकला. ग्लू मिसळला, पट्टी बसवली, सगळे क्लॅम्प स्वतः लावले. शेजारी तुकडाही लावला. बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्याने पुसून घेतला. संध्याकाळी त्या हॉस्पिटलात गेल्या तेव्हा मी तिथेच होतो.

"लावून टाकला मी," त्या म्हणाल्या.

पेंडुरकर पिवळ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिले. "मी पाहिला नाही."

"मी पाहिला ना."

"क्लॅम्प?"

"लावले की व्यवस्थित. तुम्ही पडून राहा. तुकडा केलाय, घरी आलात की फोडा."

ते घरी आले. चालताना भिंतीला हात लावावा लागत होता. शेडमध्ये जायची परवानगी सुलभाताईंनी दिली नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता त्या खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. अँब्युलन्स आली तेव्हा चिमट्यांचा डबा त्यांच्या मांडीवर होता. दोरीवरचे कपडे त्या दिवशी शेजाऱ्यांनी काढले. एकेका कपड्याला तीन तीन चिमटे होते.

दिवसकार्य झाल्यावर पेंडुरकर शेडमध्ये आले. फळीवर तुकडा होता. त्यावर पेन्सिलीने, सुलभाताईंच्या अक्षरात: डावा, वर. पेंडुरकरांनी तो उचलला, सर्व बाजूंनी बघितला, कानाशी नेऊन नखाने वाजवला आणि परत ठेवला.

"फोडणार?" मी विचारलं.

"आज नको."

त्या पावसाळ्यात त्यांनी फासळ्या बसवल्या. हिवाळ्यात पंखाला वरून पातळ प्लायवूड लावायची वेळ आली. एकदा ते लागलं की आतलं काही दिसत नाही. म्हणून बंद करण्याआधी बांधणाऱ्याशिवाय दुसऱ्या एकाने आत डोकावून बघायचं असतं. त्यांनी मला टॉर्च दिला. मी वाकून बघितलं. प्रत्येक जोडाशेजारी पेन्सिलीने एक बारीक 'सु' लिहिलेला होता. तपासून झाल्याची खूण. दांड्यावरच्या त्या शेवटच्या जोडाशेजारी काही नव्हतं.

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. जोड अगदी स्वच्छ आहे."

"बाहेरून," पेंडुरकर म्हणाले, आणि त्यांनी प्लायवूड उचललं.

विमानाचं काम पुढे चाललं तसं हे मला अधिक कळेनासं झालं. न पाहिलेल्या पेट्यांवर सही नाकारून ज्यांनी केबिन घालवली, ते न फोडलेल्या तुकड्यावर अख्खं विमान उभं करत होते. इंजिन आलं. चाकं बसली. कापड ताणून झालं, रंग झाला. पांढरा, कडेला निळी पट्टी. सीट त्यांच्या मापाची होती. त्यात बसून ते विमान चालवायची दांडी पुढे-मागे करत आणि शेपटीकडे मान वळवून बघत. फळीवरच्या तुकड्याकडे बघत नसत. फळीवरची धूळ पुसत तेव्हा तो उचलून पुसत आणि पुन्हा तिथेच ठेवत.

एकदा मी सरळ विचारलं.

"तो फुटला की संपला ना. त्यानंतर तिने लावलेलं काही राहत नाही."

"पंखात आहे की."

"पंखातलं दिसत नाही."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "आणि बघणार कोण?" सुलभाताईंचा चष्मा खिळ्यालाच होता.

उडवायची परवानगी मागायचा अर्ज त्यांनी केला नाही. तुकडा फुटल्याशिवाय विमान पूर्ण झालेलं नव्हतं, आणि अपूर्ण विमानासाठी अर्ज करण्यासारखे ते नव्हते. अशी काही वर्षं गेली. खाडीपलीकडे उलव्याकडची टेकडी सपाट होत गेली आणि मग त्या बाजूने मोठी विमानं उतरू लागली. शेडच्या दारातून ती दिसत. पेंडुरकरांचे केस गेले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, डॉक्टरांनी हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या. आता त्यांना स्वतः उडवायला कोणी देणार नाही हे एका तपासणीत ठरून गेलं. तो कागद त्यांनी मला दाखवला. "डॉक्टरने नीट पाहिलंय," ते म्हणाले. त्यांची तक्रार नव्हती.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. जनूशेठच्या भावांनी शेडच्या जागेवर इमारत बांधायचं ठरवलं. आणि विमानाला गिऱ्हाईक आलं.

निवृत्त वैमानिक होते. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. घाटावर त्यांची शेती होती, शेतात विमान उतरायला पट्टी होती. कोणाकडून तरी कळून ते आले, शेडमध्ये शिरले आणि बराच वेळ नुसते फिरत राहिले. मग पंखाखाली पाठीवर झोपून वर बघू लागले.

"काका, हे तुम्ही एकट्याने केलं?"

"नाही."

"ही चीज शेडमध्ये ठेवायची नसते. मला द्या. परवानगी-बिरवानगीचं टेन्शन माझ्यावर सोडा. पहिल्यांदा उडेल तेव्हा तुम्हाला न्यायला गाडी पाठवीन. पट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसा आणि बघा."

पेंडुरकरांचा चेहरा मी त्याआधी तसा बघितला नव्हता. खाली उभं राहून बघायचं हे काम त्यांनी सुलभाताईंना दिलं होतं. आता ते त्यांच्या वाट्याला येत होतं आणि त्यांना ते हवं होतं. विमान उडावं, कोणाच्याही हातून उडावं, आणि आपण ते पाहावं.

"एक तुकडा राहिलाय," ते म्हणाले.

कॅप्टन हसले. "एवढे पास झालेत, एकाचं काय?"

"तुमचं वजन त्याच्यावर आहे."

"मग फोडा आणि कळवा. पुढच्या आठवड्यात ट्रक आणतो."

रविवारी सकाळी पेंडुरकरांनी माझ्या दारावर टकटक केलं. "चला," ते म्हणाले. "एक माणूस बघायला हवा."

शेडचं दार त्यांनी पूर्ण उघडलं. उजेड टेबलापर्यंत आला. त्यांनी फळीवरून तुकडा घेतला, पेन्सिलीच्या अक्षरांवर अंगठा ठेवला, मग तो व्हाइसमध्ये लावला. पटाशी ठेवली. हातोडी त्यांनी एकदाच मारली आणि तीही जोरात नाही.

लाकूड फाटताना जो आवाज होतो तो मी त्या शेडमध्ये कितीतरी वेळा ऐकला होता. कर्कश, लांबत जाणारा. तो आवाज आला नाही. एखादी डबी उघडावी तसा बारीक आवाज आला आणि दोन पट्ट्या वेगळ्या झाल्या.

त्यांनी त्या उचलल्या. खिळ्यावरचा चष्मा काढून डोळ्यांना लावला. उजेडाकडे वळले. मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो आणि मला दोन्ही पट्ट्या दिसत होत्या. कडेला ग्लूची एक चकचकीत रेघ होती. मधला सगळा भाग कोरडा होता. लाकडाच्या रेषा जशाच्या तशा, स्वच्छ, काल रंधल्यासारख्या. क्लॅम्प इतका आवळला गेला होता की ग्लू जवळपास सगळा बाहेर आला होता, आणि बाहेर आलेला सुलभाताईंनी नीट पुसून घेतला होता.

पेंडुरकर किती वेळ बघत होते ते मी मोजलं नाही. बाहेरून एक टेम्पो गेला. जेट्टीकडे कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं.

"लाकूड," ते म्हणाले.

ते थांबले. मग त्यांनी चष्मा काढला, घडी घातली.

"पास."

दोन्ही पट्ट्या एकमेकींवर बसवून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवल्या. मग तिथेच उभं राहून कॅप्टनना फोन लावला. "विमान द्यायचं नाही," ते म्हणाले. पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं. "नाही. तुकडा चांगला निघाला. लाकूड फाटलं. मलाच द्यायचं नाही." फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांचं वजन जास्त आहे थोडं."

कॅप्टननी नंतर मला फोन केला. म्हातारा हट्टी आहे, स्वतःला उडवता येत नाही म्हणून दुसऱ्यालाही देत नाही, असं त्यांचं मत होतं. सोसायटीतही तेच मत झालं. जनूशेठना पेंडुरकरांनी सांगितलं की तुकडा पास झाला, तुम्ही टोक धरलं होतंत तो जोड उत्तम आहे. जनूशेठना त्याचा आनंद झाला. "वैनीचा हात होता त्याला," ते म्हणाले.

विमान आज इथल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात आहे, जिन्याच्या वर छताला टांगलेलं. मुलं खाली उभी राहून फोटो काढतात. खालच्या पाटीवर बांधणारे म्हणून दोन नावं आहेत, पेंडुरकरांनी सांगितली त्या क्रमाने: सुलभा आणि अरविंद. डाव्या पंखावर सांधून पुन्हा रंगवलेली एक आडवी रेघ आहे. ती तिथे का आहे हे कॉलेजात कोणाला सांगता येत नाही. कॉलेजला देण्याआधी म्हाताऱ्याने विमान कापलं एवढंच ते सांगतात. त्यानंतरच्या वर्षी पेंडुरकर गेले. आता दोघंही नाहीत, त्यांच्यामागे कोणी नाही, आणि उडाल्यावर छापायची ती बातमी अर्थातच छापली गेली नाही.

पेंडुरकरांना मी शेवटचं नीट बघितलं ते कॉलेजचा टेम्पो यायच्या आदल्या दिवशी. शेड रिकामी झाली होती. नकाशे काढल्यावर भिंतीवर फिकट चौकोन राहिले होते. डावा पंख घोड्यांवर ठेवलेला होता आणि पेंडुरकर त्यावर करवत चालवत होते, बरोबर त्या जोडावर. कापड, प्लायवूड, मग दांडा. मधूनमधून थांबून दम घेत होते. शर्टाचा खिसा अजून फुगलेला होता. पंखाचं दुसरं टोक जनूशेठनी धरलं होतं, त्या सकाळी दांड्याचं धरलं होतं तसं.

"काका," जनूशेठ म्हणाले, "पास जाला ना? मंग कापताव कनाला? कालेजान काय कोन उरवनार हाय?"

"नसेल. पण मनात आलं तर कोणी उडवू शकतं."

"मंग उरवूंदे की. चांगला हाय तं."

पेंडुरकरांनी करवतीवरचा भुसा झटकला. "मी पाहिलंय, जनूशेठ," ते म्हणाले.

जनूशेठनी माझ्याकडे बघितलं. मी पंखाकडे बघितलं. करवत पुन्हा चालू झाली, पंख थरथरू लागला, तसं जनूशेठनी टोक दोन्ही हातांनी आवळून छातीशी धरलं.

पेंडुरकर थांबले. जनूशेठच्या बोटांकडे बघत राहिले.

"घट्ट नको," ते म्हणाले. "नुसतं धरा."